भाताची सवत

दहावीच्या उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या की एक वाक्य मला दरवर्षी न चुकता भेटतं. "उंच झाडांची पाने खाण्यासाठी जिराफाने मान ताणली व परिस्थितीशी जुळवून घेतले." शिकवायला लागून बावीस वर्षं झाली. मुलं बदलली, पुस्तकं बदलली, खडूचा काळा फळा जाऊन पांढरा आला, जिराफ मात्र अजून मान ताणतोच आहे. मी लाल पेनानं रेघ ओढते, अर्धा मार्क कापते आणि पुढचा पेपर घेते. खरं तर त्यातला पाव मार्क मराठी भाषेचा कापायला हवा.

"जुळवून घे" हे आपल्याकडं कुणालाही सांगतात, पण सगळ्यात जास्त सांगतात ते सासरी निघालेल्या मुलीला. माझ्या लग्नात अक्षता पडल्यापासून गाडी सुटेपर्यंत किमान सात जणींनी मला बाजूला घेऊन हेच सांगितलं. आठवी माझी आई, पण ती रडत असल्यामुळं तिला 'जु'च्या पुढं जाता आलं नाही. या शब्दात एक माणूस असतो. आपल्या भोवती काय बदललंय ते त्याला कळतं, तो मनाला मुरड घालतो, पहाटे पाचला उठायची सवय लावून घेतो, आमटीत गूळ घालायला शिकतो. अनुकूलन शिकवताना आम्ही शिक्षक नेमका हाच शब्द उचलतो. उंटानं वाळवंटाशी जुळवून घेतलं, अस्वलानं थंडीशी जुळवून घेतलं. मग मुलांच्या डोळ्यांपुढं डोक्यावर पदर घेतलेला उंट उभा राहिला, तर दोष कुणाचा?

निसर्गनिवडीत, म्हणजे डार्विनच्या 'नॅचरल सिलेक्शन'मध्ये, कुणीच जुळवून घेत नाही. हे मी कॉलेजात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पटलं मात्र फार उशिरा, आणि तेही आमच्या शेतातल्या एका गवतामुळं. आजी त्या गवताला 'सवत' म्हणायची. गावात दुसरं कुणी तसं म्हणत असेल असं मला वाटत नाही; ते तिचं खास नाव होतं.

आमचं शेत बेळगावच्या दक्षिणेला, येळ्ळूरकडच्या भातपट्ट्यात. मान वर केली की राजहंसगड दिसतो आणि मान खाली घातली की चिखल. एके काळी या पट्ट्यातला बासमती नावाजलेला होता. भात शिजायला लागलं की शेजारच्या घरात कळायचं, असं सगळेच म्हातारे सांगतात. आमच्याकडं रोप करून लावणी करण्यापेक्षा कुरीनं धूळवाफ पेरणीच जास्त. पाऊस पडायच्या आधी कोरड्या मातीत बी जातं, मग मृगाची वाट बघत सगळं घर आभाळाकडं डोळे लावून बसतं. पाऊस येतो, भात उगवतं, आणि त्याच्याबरोबर नको ते सगळं उगवतं.

दोन ओळींमधलं तण कोळपा मारला की जातं. ते कसं दिसतं, कुठल्या जातीचं आहे याच्याशी कोळप्याला काही देणंघेणं नसतं. ओळीच्या आत, भाताच्या बुडाला बुड लावून जे उगवतं, ते मात्र हातानं काढावं लागतं. ती भांगलण. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात खुरपं, कमरेत वाकलेल्या सात-आठ बायकांची आडवी रांग आणि वरून झिमझिम. मी नऊ वर्षांची असताना मला पहिल्यांदा त्या रांगेत घेतलं. मला केवढा अभिमान! मी भराभर उपटत पुढं गेले. आजीनं मागं वळून माझ्या वाट्याची ओळ बघितली आणि खुरपं खाली टाकलं.

"अगं बाई, भात उपटलीस की गं! आणि सवत तशीच ठिवलीस."

मला रडू फुटलं, कारण मला दोन्ही सारखीच दिसत होती. तशीच हिरवी, तशीच सरळ, तितकीच उंच, तशीच अरुंद पात. आजीनं मला चिखलातच उकिडवं बसवलं आणि एक रोप हातात धरलं. पान खोडाला जिथं मिळतं त्या सांध्यावर अंगठा ठेवून तिनं पान हळूच मागं वाकवलं. आत कागदासारखा पातळ, पांढरट, टोकाला दुभंगलेला पापुद्रा उभा होता. "ही जीभ." त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक केसाळ आकडे, खोडाला मिठी मारल्यासारखे. "हे कान." मग दुसरं रोप. पान वाकवलं. सांधा गुळगुळीत, तिथं काहीच नाही. "हिला जीभ न्हाई, कान न्हाई. मुकी-भैरी हाय ही. ही सवत."

पुढं वनस्पतिशास्त्राच्या वर्गात कळलं की या दोन भागांची लॅटिनमधून आलेली शास्त्रीय नावंही हेच सांगतात: छोटी जीभ आणि छोटा कान. प्रोफेसर फळ्यावर आकृती काढत होते आणि मला चिखलाचा वास येत होता. सवतीचं शास्त्रीय घराणंही तेव्हाच कळलं. सावा नावाचं जे धान्य पूर्वी गरिबाघरी शिजायचं, त्याच्या कुळातलं ते रानटी गवत. जगात जिथं जिथं भात पिकतं तिथं तिथं ते आहे.

आजीला मी एकदा विचारलं होतं, ही सवत भातासारखी का दिसती? ती म्हणाली, "आमची कंबर मोडायला." या उत्तरात शास्त्राच्या दृष्टीनं फार थोडी दुरुस्ती करावी लागते. वाकलेल्या कमरा हे कारण, आणि सवत हा परिणाम. आजीनं बाण नेमका उलट्या दिशेनं काढला होता, एवढंच.

सवत भातासारखी झाली, कारण आजीसारख्या बायका शेकडो वर्षं तिला उपटत आल्या.

हे मी वर्गात फळ्यावर करून दाखवते. आकडे माझे, मनातले, हिशेब समजावा म्हणून घेतलेले. समजा शेतात या गवताची शंभर रोपं उगवली. त्यातली ९० आडवी पसरणारी, बुडाशी लालसर, लांबूनच ओळखू येणारी. उरलेली १० जरा सरळ आणि हिरवी. जन्मतःच तशी, आपल्याकडं एकाच घरात एक पोर उंच आणि एक बुटकं निघतं तशी. भांगलणाऱ्या बायका पसरणाऱ्या दहांपैकी नऊ उपटतात. सरळ असलेली फसवतात, म्हणून त्यातली दहांपैकी पाचच हाताला लागतात. भांगलण संपली तेव्हा उभी राहिलेली रोपं किती? पसरणारी ९, सरळ ५. त्यांचंच बी पडणार. हे गवत बहुतेक करून स्वतःच्याच परागानं फळतं, त्यामुळं लेक आईच्या वळणावर जाते. पुढच्या वर्षी उगवणाऱ्या शंभरांत सरळ रोपं १० नसतात, ३६ असतात. तेच हात, तीच भांगलण. त्याच्या पुढच्या वर्षी ७४. त्याच्याही पुढच्या वर्षी ९३.

प्रत्यक्षात इतकं झटपट होत नाही, कारण जुनं बी मातीत वर्षानुवर्षं झोपून राहतं आणि मनात येईल तेव्हा उठतं. पण दिशा हीच. या सगळ्या हिशेबात एकही रोप सरळ उभं राहायला शिकलेलं नाही. पसरणारं पसरलेलंच जन्मलं आणि पसरलेलंच बांधावर जाऊन वाळलं. सरळ होतं ते सरळच होतं. बदललं ते त्यांचं आपसातलं प्रमाण. बदल रोपात शोधला तर सापडत नाही, शेतात शोधावा लागतो. आणि तोही एका शेतात एका वर्षी दिसत नाही. त्यासाठी शेत आणि पावसाळे दोन्ही मोजत बसावं लागतं.

चीनमधल्या यांगत्से नदीच्या खोऱ्यातल्या याच गवताचे शेकडो नमुने घेऊन शास्त्रज्ञांनी त्यांची जनुकं वाचली. २०१९ साली ते काम छापून आलं. भाताची नक्कल करणारे नमुने न करणाऱ्यांपेक्षा सरळ वाढणारे निघाले, आणि हा फरक सुमारे हजार वर्षांपूर्वी पडायला लागला असा हिशेब निघाला. हजार वर्षं कोण कोण वाकलं असेल तिथं! त्यांच्याकडंही कुणी नऊ वर्षांच्या पोरीला चिखलात बसवून पान वाकवून दाखवलं असणारच.

मला 'निवड' या शब्दाबद्दलही बरीच वर्षं आकस होता. निवड म्हटली की निवडणारा आला, आमच्या सीमाभागात तर निवड म्हटलं की निवडणूकच आठवते: उमेदवार, चिन्ह, अमुक आला, तमुक पडला. निसर्ग म्हणजे कुणी मतदार आहे का? पण एकदा दुपारी सासूबाई सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. मी विचारलं, काय करताय? त्या म्हणाल्या, "तांदूळ निवडूलालोय." आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. त्या तांदूळ उचलत नव्हत्या, खडे उचलत होत्या. आपण तांदूळ निवडतो, मेथी निवडतो, तेव्हा बोटांत येतं ते फेकायचं असतं. जे बोटांना लागत नाही ते सुपात राहतं आणि त्यालाच आपण निवडलेलं म्हणतो. डार्विननं १८५९ साली पुस्तक छापलं तेव्हा त्याला या शब्दावरून बऱ्याच जणांनी टोचलं होतं, की निसर्ग कसा काय निवडणार. त्याच्या हाताशी मराठी स्वयंपाकघर असतं तर बिचाऱ्याचा त्रास वाचला असता.

आणि तांदळाच्या रंगाचा, तांदळाच्या आकाराचा खडा असेल तर? तो पानात येतो आणि दातांखाली सापडतो. सवत म्हणजे तो खडा. फरक एवढाच की खड्याला पोरंबाळं होत नाहीत.

सवतीचं सोंगही अर्धवट असतं, आणि ते अर्धवटपण मला सोंगापेक्षा जास्त आवडतं. जोवर बायकांचा हात शेतात फिरतो तोवर ती हुबेहूब भात. एकदा भात दाटलं, शेतात पाय टाकायला जागा उरली नाही आणि भांगलण थांबली, की ती निसवते. तिची लोंबी अगदी वेगळी, बुटक्या तुऱ्यांची, कधी जांभळट झाक असलेली. तेव्हा बांधावरून आंधळ्यालाही कळेल की हे भात नाही. ओळखू येण्यावरून तिच्या पूर्वजांतली छाटाछाट झाली ती पहिल्या दीड-दोन महिन्यांत. त्यानंतर कुणी बघतच नव्हतं, म्हणून त्यानंतरचं रूप कुणी घडवलंच नाही. जीभ आणि कान तिला आले नाहीत ते यामुळंच असावं, असा माझा आपला एक अंदाज. शेतभर वाकून चाललेल्या बाईला प्रत्येक रोपाचा सांधा उघडून बघायला वेळ कुठला? नजर फसली की काम झालं. माझ्या आजीसारखी एखादी अंगठा लावून बघणारी निघते, पण एकटीच्या अंगठ्यानं गवताचं घराणं बदलत नाही.

भात कापायच्या आधी काही दिवस सवतीचं बी गळून मातीत मिसळलेलं असतं. भाताचा दाणा मात्र लोंबीला घट्ट. रानटी भाताचे दाणे पिकले की झडतात. झडायलाच हवेत, नाहीतर बी पसरणार कसं? पण माणूस विळा घेऊन आला. जे दाणे आधीच झडले ते शेतात राहिले, जे लोंबीला धरून बसले ते खळ्यावर आले, कणगीत गेले आणि पुढच्या वर्षी पेरले गेले. त्यामुळं पेरणाऱ्याच्या मुठीत न झडणारं भात वाढत गेलं. एकाच शेतात, त्याच माणसांच्या हाताखाली एका गवतानं दाणा धरून ठेवून आपला वंश चालवला आणि दुसऱ्यानं दाणा सोडून देऊन. कोण हुशार?

बासमतीच्या वासाची गोष्टही अशीच गमतीची. सुवासिक भातांच्या बहुतेक जातींत हा वास येतो तो एका जनुकाचं काम बंद पडल्यामुळं. ते जनुक धड असेल तर वास नाही. म्हणजे ज्याच्यासाठी मुंबई-पुण्याचे पाहुणे पिशव्या घेऊन यायचे, तो मुळात एक बिघाड. कुणाच्या तरी नाकाला तो आवडला आणि ते बी वेगळं काढून ठेवलं गेलं. आमच्या काकांना हे सांगितलं तर ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पण परत जिराफाकडं. आईबापांनी कष्टानं कमावलेलं अंगातून पोरांकडं उतरतं, हे इतकं खरं वाटतं की ते खोटं आहे हे सांगताना मलाही जड जातं. मी मग मुलांना त्यांच्याच कानाला हात लावायला सांगते. आपल्याकडं किती पिढ्या कान टोचतायत? आजी, पणजी, खापरपणजी, त्यांच्या मागच्या सगळ्या. सोनारानं टोचले, वैदूनं टोचले. एक तरी पोर भोक पाडलेल्या पाळीचं जन्माला आलं का? जर्मनीत वाइसमान नावाच्या शास्त्रज्ञानं १८८०च्या दशकात हेच उंदरांवर केलं, पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या शेपट्या कापल्या. पिल्लं प्रत्येक वेळी शेपटीसकटच जन्मली. आमच्या बायकांनी केलेल्या प्रयोगापुढं तो प्रयोग अगदीच किरकोळ.

तरीही मागच्या बाकावरून कुणीतरी हात वर करतंच. मग मी कन्नडचं उदाहरण काढते. माझी आई लग्नाआधी कन्नड बोलत नव्हती. पुढं बैलहोंगलच्या बाजारात लसूण-मिरची विकायला जायला लागली तशी असं कन्नड बोलायला शिकली की घासाघीस करताना समोरचा हात जोडायचा. आमच्या भाषेतलं जुळवून घेणं म्हणजे हे. पण मी जन्मले ती कन्नडचा एक शब्द घेऊन जन्मले नाही. मला ते शाळेत, छड्या खात, पहिल्यापासून गिरवावं लागलं. आईच्या जिभेवरचं मला मिळालं ते शेजारी बसून ऐकलं म्हणून, रक्तातून नव्हे. सीमाभागातल्या मुलांना हे चटकन कळतं, कारण प्रत्येकाच्या घरात घाम गाळून कमावलेली एक तरी भाषा असते.

या एका शब्दाच्या घोटाळ्यापायी एका माणसाचा जीव गेलाय, हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी वर्ग शांत होतो. निकोलाय वाविलोव्ह. रशियाचा बियाणं गोळा करणारा शास्त्रज्ञ; देशोदेशी खेचरावरून हिंडून शेतकऱ्यांकडचं धान्य मागत फिरला. तण पिकासारखं दिसायला लागतं आणि कधी कधी तणाचंच पीक होतं, हे त्यानं दाखवलं. म्हणून असल्या नकलेला आज त्याचंच नाव आहे. राय हे धान्य मूळचं गव्हातलं तण. गव्हाबरोबर पेरलं गेलं, गव्हाबरोबर पाखडलं गेलं, गव्हासारखं होत गेलं. मग माणसं गहू घेऊन थंड डोंगराळ मुलखात चढली, तिथं गहू मान टाकायला लागला आणि राय उभी राहिली. शेवटी लोक रायच पेरायला लागले. सवत पाटराणी झाली म्हणा ना.

त्याच काळात त्याच देशात लिसेन्को नावाचा दुसरा माणूस सांगत होता की जनुकं वगैरे सगळं थोतांड आहे. बियाण्याला थंडी दाखवून वळण लावा, ते शिकेल आणि शिकलेलं पोरांना देईल. ओल्या बियाण्याला थंडी दिली की हिवाळी गहू लवकर फुलतो हे खरंच आहे, पण ते त्या रोपापुरतं. पुढच्या पिढीला पुन्हा थंडी द्यावीच लागते. राज्यकर्त्यांना मात्र जुळवून घेणारा गहू फार आवडला. माणसंही तशीच हवी होती त्यांना. वाविलोव्हला १९४० साली पकडलं. जगभरचं धान्य गोळा करणारा हा माणूस १९४३ च्या जानेवारीत सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीनं मेला.

असो. आपल्या शेताकडं येऊ.

नजरेला फसवणाऱ्या तणावर आपल्याच देशात एक नामी उपाय काढला होता. जांभळ्या पानांचं भात पेरायचं. मग शेतात हिरवं दिसेल ते तण, डोळे झाकून उपटा. हा उपाय केला होता तो भाताच्याच रानटी भाऊबंदांवर, जे आमच्या सवतीपेक्षाही जवळचे. थोडे हंगाम मस्त गेले. पण या भाऊबंदांचा भाताशी संकर होतो. संकरातून अधूनमधून जांभळी रानटी रोपं निघाली, हिरवी सगळी उपटली गेली, जांभळी राहिली. बघता बघता तणही जांभळं. इथं माझ्या मुलांना हसू येतं. आजीला आलं नसतं.

आता आमच्याकडं भांगलणीला बायकाच मिळत नाहीत. पोरी उद्यमबागेत कारखान्यात जातात, आणि वाकून दिवसभर मिळणाऱ्या मजुरीपेक्षा ते कधीही बरं. काका तणनाशक मारतात. म्हणजे सवतीच्या दारात आता नजर उभी नाही, औषध उभं आहे. सरळ की पसरट याच्याशी औषधाला कर्तव्य नाही. त्याचा प्रश्न एकच, माझ्यानं मरतेस की नाही? हरियाणात गव्हातल्या एका तणाची अशीच कथा झाली. तिथं त्याला गुल्ली-डंडा म्हणतात, आणि कोवळं असताना ते गव्हासारखंच दिसतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून एकच तणनाशक वर्षानुवर्षं मारलं. नव्वदच्या सुरुवातीला ते औषध त्याच्यावर चालेना. लोक म्हणाले, गवताला औषधाची सवय झाली. परत तोच घोटाळा! सवय रोपाला होत नाही. ज्यांना मरायचं होतं ती मेली, औषध पचवणारी मूठभर आधीपासूनच होती, त्यांचं शेत झालं. आमच्या काकांना दुकानदारानं या वर्षी औषध "बदलून बघा" म्हणून सांगितलंय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाऊस झाला तो आमच्याकडं कुणी विसरणार नाही. बळ्ळारी नाला तर साध्या पावसातही शिवारात शिरतो. त्या वर्षी शेत कुठं आणि नाला कुठं हे सांगता येत नव्हतं. आठवडाभर भात पाण्याखाली. पाणी उतरल्यावर काकांबरोबर बघायला गेले तेव्हा कुजकट वास आणि चिखलात लोळलेली पिवळी पानं. बांधाच्या कडेला, जरा उंचवट्यावर तेवढी एक पट्टी हिरवी राहिली होती. काका म्हणाले, "ही दमाची निघाली." मी काही बोलले नाही. ती दमाची नव्हती, नशिबाची होती. बी पडताना उंचावर पडलं एवढाच तिचा गुण, आणि तो गुण बियाण्यात उतरत नाही. निसर्गात वाचलेल्यांपैकी किती तरी असे नुसते वाचलेले असतात, हे आम्ही शिकवताना सांगायचं विसरतो.

दमाचं भात खरोखर आहे, पण त्याचा दम वेगळा. ओडिशातलं एक जुनं देशी वाण. साधं भात पाण्याखाली गेलं की वर यायला धडपडतं, भराभर उंच होतं, त्यात पोटातली साखर संपवतं आणि पाणी ओसरलं की उभं राहायला अंगात काही नसतं. हे वाण बुडालं की गप्प बसतं. वाढ थांबवतं, साखर राखून ठेवतं, सुमारे दोन आठवडे असं काढू शकतं आणि पाणी गेलं की पुन्हा पालवतं. त्यामागचं जनुक २००६ साली सापडलं आणि ते स्वर्णा या आवडत्या जातीत संकरानं उतरवून २००९ पासून आपल्या शेतकऱ्यांना मिळायला लागलं. बंगालच्या सखल भागात मात्र पाणी महिनोन्‌महिने हलत नाही. तिथं गप्प बसणारं भात कुजेल. तिथली खोल पाण्यातली भातं पाण्याबरोबर उंच उंच चढत जातात आणि तेच बरोबर. पंधरा दिवसांच्या पुरात धडपडणारा मरतो, चार महिन्यांच्या पुरात बसून राहणारा.

म्हणून वर्गात कुणी "म्हणजे बळी तो कान पिळी" म्हणालं की मला आमच्या आजीसारखं खुरपं खाली टाकावंसं वाटतं. कुणाचा कान, कुणी पिळला? सवत भातापेक्षा बळकट आहे म्हणून राहिली का? उलट अंगावर धावून येणारं, पसरणारं, दांडगं गवत आधी उपटलं गेलं. 'उत्क्रांती'मधल्या त्या 'उत्'नंही घात केलाय. उत् म्हणजे वर. शब्द ऐकला की जिना दिसतो आणि वरच्या पायरीवर आपण, हात कमरेवर ठेवून. आमच्या जिल्ह्यातच खानापूरच्या जंगलात बारापेडेच्या गुहा आहेत. तिथल्या एका जातीच्या वटवाघळाची शास्त्राला ओळख झाली ती १९१३ साली, आणि पुढं किती तरी वर्षं ते जगात फक्त तिथंच आहे असा समज होता; नंतर मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. त्या गुहेच्या अंधारात ते उलटं लटकलेलं असतं. त्याच्या जिन्याची वरची पायरी खालीच असणार.

यंदा दसऱ्याच्या सुट्टीत माहेरी गेले होते. भात पोटरी फोडून बाहेर आलं होतं, दाणे भरत होते. काकू म्हणाली, बांधावरनं वैरण आणूया, म्हैस हंबारूलालीय. बांधाला लागून सवतीचा दाट पट्टा माजला होता, लोंब्यांसकट. सोंग उतरलेलं. मी सवयीनं एक पान मागं वाकवलं, अंगठा फिरवला. गुळगुळीत. काकू हसली. "आता काय जीभ बघूलालीस? लोंबी बघ की."

"आजी बघायला लावायची."

"आजीला काम न्हवतं काय दुसरं," म्हणून काकूनं विळा चालवला. दोन पेंढ्या झाल्या. तिनं मोठी घेतली, मला छोटी दिली. डोक्यावर घेऊन मी तिच्या मागून बांधावरनं चालायला लागले. बांध अरुंद, पावसानं खचलेला, दोन्ही बाजूंना भात. प्रत्येक पावलाला पेंढी हलत होती आणि कानामागं, मानेवर, ब्लाऊजच्या गळ्यात बारीक बारीक काहीतरी पडत होतं. पुढं काकूच्या पेंढीतनंही पडताना दिसत होतं, डाव्या हाताला, उजव्या हाताला.

घरी येऊन पेंढ्या म्हशीपुढं सोडल्या तेव्हा बऱ्याच लोंब्या नुसत्या काड्या झाल्या होत्या. मी अंगणात उभी राहून ओढणी झटकायला लागले तशी काकू आतून ओरडली.

"हितं झाडू नको गं! लोटून उकिरड्यात जातंय, उकिरड्यातनं परत शेतात."

"मग कुठं झाडू?"

तिनं जरा विचार केला. मग हातानंच रस्त्याकडं दाखवलं. मी फाटकाबाहेर जाऊन डांबरी रस्त्यावर ओढणी झटकली, केसांत बोटं घालून झटकले, चपला काढून आपटल्या. समोरच्या घरातलं कोंबडं धावत आलं.